ओबडधोबड

अक्षर वेडंवाकडं असतं, आंबा बेढब असतो, फरशी खडबडीत असते. पण अक्षराला ओबडधोबड कोणी म्हणत नाही, आणि डबराच्या गडग्याला बेढब म्हटलं तर कानाला खटकतं. मला वाटतं, ओबडधोबड म्हणताना आपण मनातल्या मनात एक तक्रार करत असतो: हे कुणीतरी तासायला हवं होतं, ते राहून गेलंय. रंधा न मारलेली फळी ओबडधोबड. गाठींनी भरलेल्या चिंचेच्या खोडाला तसं म्हणणं मात्र जरा अन्यायाचंच. त्याला कोण कशाला तासणार होतं?

सांगलीत हा शब्द हळदीवर घासून बघावा. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही आमची हळद जमिनीतून निघते तेव्हा तिचा नुसता गुंता असतो. मधोमध जेठा गड्डा, बाजूला बगल गड्डे आणि त्यांना फुटलेली हळकुंडं. ती शिजवून उन्हात वाळवली की खडखडीत होतात, पण दिसतात अगदीच मातकट. वर सुरकुतलेली साल, मुळ्यांची खुटं. हातात घेतली तर बोटांना टोचतात. मग जाळीच्या ड्रममध्ये घालून फिरवायची. एकमेकांवर घासून साल झडते, पिवळा रंग वर येतो. याला पॉलिश म्हणायचं. बाजारात भाव सांगताना पहिली नजर या पॉलिशवर जाते.

मात्र लग्नाची यादी हातात आली की सगळं फिरतं. यादीत लेकुरवाळं हळकुंड असतंच. म्हणजे अंगाला दोन-चार लहान हळकुंडं तशीच चिकटलेली, कुठलं कुठे वळेल याचा नेम नाही. मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानात एक बाई असंच हळकुंड उलटंपालटं करत म्हणाल्या, "जरा नीट, पॉलिशचं दाखवा की."

"मावशी, ड्रमात घातलं की पोरं मोडत्यात की वो त्याची," दुकानदार म्हणाला.

बाईंनी मग पोरं मोजली, एक तुटकं निघालं ते बाजूला ठेवलं आणि त्यातल्या त्यात सगळ्यात वेडंविद्रं निवडलं. ते ओबडधोबड आहे असं काही त्या म्हणाल्या नाहीत. बाकीची हळद किलोवर घेतली. हे तेवढं नगावर.