शेवटचं कडवं

दुपारी मामींनी एक कविता पाठवली. वर लिहिलं होतं, "वाच गं, किती खरं लिहिलंय. तूही लिहितेस ना काहीबाही." कविता माझीच. विहिरीची, मागे दिवाळी अंकात आलेली. खाली माझ्या नावाच्या जागी 'अनामिक'. आणि शेवटचं कडवं नाहीच.

"छान आहे" एवढंच लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी डोक्यात तेच. नाव का काढलं असेल? मुद्दाम कुणी काढत नसेल, एकाने गाळलं की पुढच्यांना ते कळायचं तरी कसं. पण आपलंच लिहिलेलं आपल्याला कुणा परक्याचं म्हणून वाचायला मिळावं, आणि आपण गप्प बसावं! रडू आलं खरंच.

संतांनी नाव अभंगाच्या आतच विणून ठेवलं. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. गाणाऱ्याच्या तोंडून पुढे जाताना नावही बरोबर जायचं. तरी तुकोबांच्या नावावर दुसऱ्यांचे अभंग चढलेच.

जात्यावरच्या ओव्यांना तर रचणारीचं नावच नाही. आजी म्हणायची त्या कुणाच्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा म्हणणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. पहिल्यांदा कुणाला सुचली ते कधीच कळायचं नाही, पण कुणी जपली ते तरी कळतं. मला हे काम फार मोठं वाटतं. आजीपर्यंत मात्र कुणी पोचलं नाही.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी गाणी उतरवून घेतली म्हणून ती उरली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. स्वतःचं नाव छापलेलं ते पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. मग मी कशाला एवढा जीव जाळतेय, असं लिहिणार होते. पण लिहवत नाही. मला नाव हवंय. कवितेखाली मी माहेरचं नाव लिहिते, बाकी सगळ्या कागदांवरून ते केव्हाच गेलं. बाबांनी ठेवलेलं नाव... असो, तो विषय आज नको.

आता रात्री पुन्हा वाचली तेव्हा नावाचं दुखणं जरा मागे सरलं. ते कडवंच सलतंय. पहिल्या तीन कडव्यांत पहाट आहे, रहाट आहे, घागरी आहेत, बायकांचं हसणं आहे. ती लोकांना आवडली, ते एकमेकांना पाठवताहेत. चौथ्यात ताई आहे. तीच कुणीतरी काढून टाकली. सकाळी सकाळी कुणाला पाठवायला ते कडवं जड वाटलं असेल, समजू शकते मी. आमच्या घरातही त्या विहिरीचा विषय निघाला की कुणीतरी उठून चहा ठेवतं. पण मी ती कविता ताईसाठीच लिहायला घेतली होती. पहाट आणि घागरी नंतर आल्या, तिच्यापर्यंत जायला वाट हवी म्हणून. आईने ती छापलेली पाहिली होती, काही बोलली नाही.

मामींना आत्ताच पूर्ण कविता पाठवली, नावासकट. वाचतील तेव्हा वाचतील. इतर कुणाकुणाकडे गेलीय ती आता परत आणता येणार नाही, आणि आणावीशीही वाटत नाही. माझी विहीर आवडली त्यांना, माझं नाव ठाऊक नसताना आवडली. तेवढ्याने आज बरं वाटतंय.

फक्त आता ती कविता पुन्हा कुठे देताना ताईचं कडवं दुसरं ठेवणार आहे. तिसऱ्याची सुरुवात त्यातूनच होईल अशी बांधायची, म्हणजे ते काढलं तर पुढचं काही लागणारच नाही. यमक मोडेल बहुतेक. मोडू दे.