चारशे किलोचा छंद

गोव्यात तिस्क-उसगावला माझ्या थोरल्या मामांचे टायरचे दुकान होते आणि दुकानामागच्या पडवीत हवा दाबून टाकीत साठवणारा एक कंप्रेसर होता. खनिजाने भरलेल्या टिपरांची रांग रस्त्यावरून दिवसभर चालत असे त्या काळात तो सकाळी सहाला सुरू होई आणि दिवेलागणीनंतरच थांबे. त्याच्याकडे कोणी कौतुकाने पाहिल्याचे मला आठवत नाही. तो तेलकट होता, पोटापाण्याचा होता, आणि त्याच्या धडधडीमुळे सुट्टीत मामांच्या घरी दुपारची झोप मिळत नाही, एवढाच माझा त्याच्याशी संबंध होता. अमेरिकेत इलिनॉय राज्यात येऊन नऊ वर्षे झाल्यावर तसलाच, त्याहून मोठा आणि माझ्यापेक्षा वयाने वीस वर्षांनी वडील असलेला कंप्रेसर मी स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन घराच्या गॅरेजमध्ये आणून ठेवला, हे ऐकून मामा फोनवर बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "कितीला पडले रे हे भंगार?"

साडेचारशे डॉलरना पडले. त्याच ताकदीच्या नव्या यंत्राला येथे काही हजार डॉलर मोजावे लागतात, हे मी त्यांना सांगितले, पण खरे कारण पैशांचे नव्हते आणि ते त्यांनाही कळले असावे.

येथील घरांना जोडून जे गॅरेज असते, त्यात मोटार क्वचितच उभी असते. तेथे लेथ असतो, वेल्डिंगचे यंत्र असते, अर्धवट उघडलेले ट्रॅक्टर असतात, आणि बऱ्याच ठिकाणी एका कोपऱ्यात माणसाच्या उंचीची लोखंडी टाकी आणि तिच्यावर बसवलेला ओतीव लोखंडाचा जुना पंप असतो. एखादा कारखाना बंद पडतो, एखादी शाळा आपली कर्मशाळा मोडीत काढते, आणि तेथे पन्नास वर्षे राबलेला कंप्रेसर लिलावात कवडीमोलाने निघतो. तो उचलून आणायचा, उघडायचा, धुवायचा, नव्या रिंगा आणि व्हॉल्व्ह घालून पुन्हा चालू करायचा, हा येथील कितीतरी निवृत्त कारागिरांचा आवडता उद्योग आहे. आमच्या समोर राहणारे गृहस्थ आयुष्यभर मशीनिस्ट होते. त्यांच्याकडे असे दोन आहेत, आणि दुसरा कशासाठी, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नाही.

नव्यावर त्यांचा राग आहे आणि तो अनाठायी नाही. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त कंप्रेसरवर पाच-सहा हॉर्सपॉवरचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले मी पूर्वी पाहिले आहेत. येथील घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा आणि १५ अँपिअरचा असतो, म्हणजे त्यातून फार तर १,८०० वॅट मिळतात, आणि मोटरमधील घट वजा केली की तिच्या दांड्यापर्यंत खरे दोन हॉर्सपॉवरही धड पोचत नाहीत. जुन्या यंत्राच्या पाटीवर पाच लिहिलेले असेल तर ते पाचच असतात. अशा पंपातून मिनिटाला साधारण १७ घनफूट हवा निघते, आणि गंजलेल्या भागांवर वाळूचा मारा करायचा असेल तर तेवढी लागतेच. (मी मात्र बहुतेक वेळा मोटारीच्या चाकांतच हवा भरतो, हे कबूल केलेले बरे.)

दुसरे कारण आवाजाचे. स्वस्त यंत्राचा पंप लहान असतो, त्यामुळे तो प्रचंड वेगाने फिरवावा लागतो आणि तो किंचाळतो. जुना पंप मिनिटाला पाचशे-सातशे फेरेच घेतो आणि टक-टक करीत चालतो. त्याच्या फ्लायव्हीलचे आरे पंख्याच्या पात्यांसारखे तिरके ओतलेले असतात, म्हणजे चाक फिरता फिरताच पंपावर वारा घालते. वाऱ्याची गरज खरीच असते, कारण हवा दाबली की तापते. बाहेरची हवा एकाच दमात तेरापट दाबली, तर गणिताप्रमाणे तिचे तापमान साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि तेथे तेलाचा कोळसा होऊन व्हॉल्व्हवर बसतो. म्हणून चांगल्या यंत्रात दोन सिलिंडर असतात, एक मोठा आणि एक लहान. मोठा हवा साडेतीनपट दाबतो, ती पितळी किंवा तांब्याच्या नळ्यांतून जाताना निवते, आणि मग लहान सिलिंडर तिला पुन्हा तेवढीच दाबतो. अशा रीतीने कोणत्याही टप्प्यावर तापमान एकशे साठच्या फार पुढे जात नाही.

माझा पंप क्विन्सी कंपनीचा आहे. मिसिसिपी नदीच्या काठी, आमच्याच राज्यातील क्विन्सी या गावात १९२० मध्ये ही कंपनी सुरू झाली आणि २०१० पासून ती ॲटलास कॉप्को या स्वीडिश समूहाकडे आहे. पंपाच्या पाटीवर ३२५ हा मॉडेलचा आकडा आणि त्यापुढे आणखी एक लहान आकडा आहे. हा दुसरा आकडा त्या मॉडेलमध्ये तोवर झालेल्या फेरफारांची नोंद दाखवतो, आणि तो सांगितला की साठ वर्षांपूर्वीच्या पंपालाही नेमका बसणारा व्हॉल्व्ह आजही मागवता येतो. मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. यात तेल नुसते उडवले जात नाही, तर मोटारीच्या इंजिनाप्रमाणे पंपाने दाबून बेअरिंगपर्यंत पोचवले जाते, आणि तेलाचा दाब तयार होईपर्यंत हवा आत घेणारे व्हॉल्व्ह यंत्र उघडेच धरून ठेवते. म्हणजे सुरुवातीला ते भाराविना फिरते आणि तेल संपले तर काम आपणहून थांबवते. मालकावर फारसा विश्वास न ठेवता बांधलेले हे यंत्र आहे.

ते घरी आणणे हा स्वतंत्र अध्याय होता. उभ्या टाकीवर पंप बसवला की सगळे वजन डोक्यावर येते आणि जरासा तोल गेला तरी यंत्र आडवे होते. आम्ही पंप आधी उतरवला, टाकी लोखंडी नळ्यांवरून घरंगळत ट्रेलरवर चढवली, आणि ही युक्ती मला मामांच्या दुकानातील पोरांकडून ठाऊक होती, इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून नव्हे.

विजेचा पेच मात्र गोव्यातील वाचकांना गमतीचा वाटेल. मामांच्या पडवीत थ्री फेजचा स्विच भिंतीवर होता आणि त्यात विशेष असे काही आहे, हे कोणाच्या मनातही येत नसे. येथे ही वीज कारखान्यांना मिळते, घरांना जवळजवळ नाहीच. त्यामुळे कारखान्यातून आलेली उत्तम थ्री फेज मोटर काढून ठेवून मला २४० व्होल्टवर चालणारी पाच हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर बसवावी लागली, आणि ती एकटीच पूर्ण भाराला २८ अँपिअरपर्यंत वीज ओढू शकते म्हणून तिच्यासाठी वेगळी जाड वायर ओढावी लागली. त्यात एक चूकही झाली. पंपाचा वेग ठरवणाऱ्या पुलीचा हिशेब करताना मी पॉलिटेक्निकमध्ये घोकलेला मिनिटाला १,४४० फेऱ्यांचा आकडा धरला. तो आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा. येथे ६० हर्ट्झ आहे आणि तशीच मोटर सुमारे १,७५० फेरे घेते. पंप एक पंचमांशाने जास्त वेगाने धावू लागला. समोरच्या गृहस्थांनी रस्त्यापलीकडून आवाज ऐकूनच विचारले, "एवढी कसली घाई आहे?"

त्यांचे आणि माझे खरे मतभेद झाले ते टाकीवरून. पंप बिघडला तर थांबतो. टाकी बिघडली तर फुटते. तीनशे लिटरच्या टाकीत पूर्ण दाबाने भरलेल्या हवेत सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे एक टनाची मोटार ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावताना जेवढी असते त्याहून जास्त. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या कारखान्यातील वाफेचा बॉयलर फुटून ५८ माणसे मेली, तेव्हा कोठे त्या राज्याने १९०७ मध्ये कायदा केला आणि पुढे १९१५ मध्ये यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलरविषयक संहिता प्रसिद्ध झाली. हवेच्या टाक्यांचे नियम त्याच वाटेने आले. पण घरातील गॅरेजमध्ये ते तपासायला कोणी येत नाही. जुन्या पंपाच्या प्रेमात पडलेला माणूस जुन्या टाकीच्याही प्रेमात पडतो, आणि कित्येक जण हवेची लाइन पाण्याच्या पीव्हीसी नळांतून नेतात. ते नळ फुटताना काचेसारखे तुकडे उडतात, असा इशारा येथील कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच देऊन ठेवला आहे.

मी माझी टाकी पाण्याने काठोकाठ भरून हातपंपाने दाब चढवला. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे चाचणीत टाकी गेली तरी स्फोट न होता फक्त पाणी गळते. दोनशे पीएसआयच्या (चौरस इंचाला दोनशे पौंड दाबाच्या) आसपास तळाच्या जोडावर घामासारखे थेंब उभे राहिले. समोरचे गृहस्थ म्हणाले, वरून वेल्डिंगचा एक थर दे, अजून वीस वर्षे चालेल. मी ती टाकी कापली. आत तळाला गंजाचे खड्डे इतके खोल होते की एकात माझ्या करंगळीचे टोक बसले. नवी, प्रमाणित टाकी घेतली तेव्हा माझी सगळी काटकसर संपली. त्यांनी त्यांच्या दोन टाक्यांची चाचणी अजून घेतलेली नाही, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये मी आता फार वेळ थांबत नाही.

गंज आतून धरतो तो हवेतल्या पाण्यामुळे. पावसाळ्यात आपल्याकडे तीस अंशांच्या हवेत घनमीटरमागे पंचवीस-सत्तावीस ग्रॅम बाष्प असते. ती हवा आठपट दाबून पुन्हा थंड केली की तिच्यात चार ग्रॅमदेखील राहू शकत नाहीत. उरलेले सगळे टाकीच्या तळाशी जमते. मामा रोज सकाळी कंप्रेसर सुरू करण्याआधी टाकीखालचा नळ उघडत आणि तपकिरी पाण्याची चिळकांडी पडवीतल्या चिऱ्यांवर उडे, ती मला आता समजते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, टिपर दारोदार उभे राहिले, आणि दोन वर्षांनी मामांनी तो कंप्रेसर वजनावर विकला. भंगारवाल्याने टाकी कापली तेव्हा ती आतून धडधाकट निघाली, हे मामा अजून सांगतात.

या फेब्रुवारीत मी त्यांना व्हिडिओ कॉलवर माझे यंत्र दाखवले. बाहेर उणे बारा अंश होते. मी टाकीखालचा नळ उघडला, तर नुसता बारीक सुसकारा आला, पाणी नाही. येथील हिवाळी हवेत घनमीटरमागे दोन ग्रॅमदेखील बाष्प नसते, त्यामुळे पाणी निघणारच नाही, असे मी त्यांना सविस्तर समजावले. मामांनी सगळे ऐकून घेतले.

"नळ तुंबलाय," ते म्हणाले. "हवा सोड आणि तार घाल."

मी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून टाकी रिकामी केली, नळ काढला आणि तार घातली. ती दोन इंचांवर टणक कशाला तरी लागली. शेगडी लावून अर्धा तास थांबल्यावर बर्फाचा खडा सुटला आणि त्यामागून पावसाळी ऑक्टोबरपासून साचलेले पेलाभर पाणी गॅरेजच्या फरशीवर आले, नव्या टाकीचे, पण तांबूस.