कॉल संपल्यावर आजी कुठे जाते?

परदेशात वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबा दिसतात, हसतात, टाळ्या वाजवतात आणि मग अचानक पडदा काळा होतो. त्यानंतर कोणी फोन भिरकावतं, कोणी कॉल संपत आल्याचं कळताच खोलीतून पळ काढतं, तर कोणी पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर यायलाच तयार होत नाही. तिकडे आजी खट्टू होते, नातवंडाला आपली ओढच उरली नाही असं तिला वाटतं. बहुतेक वेळा खरी गोष्ट उलटी असते. ओढ असते, पण माणूस असा अचानक येतो आणि जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे मुलाला कोणी सांगितलेलं नसतं.

अशा वेळी त्या मुलाच्याच दिवसावर, त्याच्याच माणसांवर लिहिलेली सात-आठ पानांची गोष्ट फार उपयोगी पडते. ती लिहिणं आई-बाबांचं काम, पण तिच्यातली काही पानं मायदेशी असलेल्या माणसांशिवाय पुरी होत नाहीत. म्हणून हे सगळं मायदेशातल्या आजी-आजोबांनाही तपशिलात सांगतो आहोत.

या पद्धतीला शिस्त दिली ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. ऑटिझम असलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘सोशल स्टोरी’ हा प्रकार घडवला. पुढे तो इतर लहान मुलांसाठीही वापरला जाऊ लागला. त्यांचे दोन नियम कोणत्याही मुलाच्या गोष्टीला लागू पडतात. पहिला: ‘असं वागावं’ सांगणारं एक वाक्य असेल, तर काय घडतं, कोणाला काय वाटतं हे सांगणारी किमान दोन वाक्यं हवीत. दुसरा: गोष्ट ‘मी’ म्हणून लिहा किंवा मुलाचं नाव घेऊन लिहा, ‘तू’ म्हणून कधीही नाही. ‘तू रडायचं नाहीस’ म्हटलं की गोष्ट तिथेच संपते आणि ताकीद सुरू होते.

नुसतं नाव बदललं म्हणजे गोष्ट मुलाची झाली, असं नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘तुमच्या मुलाच्या नावाचं पुस्तक’ या प्रकारात बहुधा एवढंच असतं. मुलाला आपलं नाव ऐकून आनंद होतो, पण त्याच्या अडचणीला ते पुस्तक हातही लावत नाही. खोली त्याची, बूट त्याचे, निरोप घ्यायची रीत त्याच्या घरातली, असं असेल तरच मूल ते ‘हे माझं आहे’ म्हणून ऐकतं.

प्राण्यांच्या गोष्टींबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण भावना शिकवायच्या म्हटलं की आपण आधी ससा आणि अस्वल शोधतो. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकीत माणसं आणि दुसरीत माणसांसारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपल्याकडचे स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांच्या गोष्टीचा तसा परिणाम झाला नाही. २०१८ सालचा हा अभ्यास. प्राण्यांच्या गोष्टी करमणुकीसाठी जरूर वाचा. पण ताईच्या खेळण्यावरून रोज भांडण होत असेल, तर गोष्टीत माणसाचंच मूल असू द्या.

लिहिण्याआधी तीन-चार दिवस नुसतं पाहा. कॉलच्या आधी मूल काय करत असतं, नेमक्या कोणत्या क्षणी बिनसतं, नंतर किती वेळाने शांत होतं, हे दोन ओळींत टिपून ठेवा. बहुतेक गोष्टी फसतात त्या इथेच, कारण मोठी माणसं आपल्या अंदाजावरून लिहितात. आपल्याला वाटतं आजी गेल्याचं दुःख आहे. चार दिवस पाहिल्यावर कळतं की खेळ अर्धा टाकून कॉलवर बसावं लागतं, याचा तो राग आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची पुस्तकंही वेगळी होतात. एका पुस्तकात एकच प्रसंग घ्या.

आता तीन-साडेतीन वर्षांच्या मुलासाठी कॉल संपण्याची गोष्ट कशी दिसेल ते पाहा. मुलाचं नाव चिनू धरू.

पान १: आज आजीचा फोन आला. मला आजी दिसते. आजीला मी दिसतो.
पान २: आजी तिच्या घरी आहे. तिचं घर खूप लांब आहे. तिथे विमानाने जातात.
पान ३: माझ्या खिडकीत ऊन असतं, तेव्हा आजीच्या खिडकीत कधीकधी अंधार असतो.
पान ४: थोड्या वेळाने आजी टाटा करते. मग फोन बंद होतो.
पान ५: फोन बंद झाला की कधीकधी माझा घसा दाटतो. मला रडू येतं. आई म्हणते, आजीची आठवण आली की असं होतं.
पान ६: फोन बंद झाला, तरी आजी तिच्या घरीच असते. ती खुर्चीतून उठते आणि झाडांना पाणी घालते.
पान ७: आजी भिंतीवरचा माझा फोटो बघते. तिलाही माझी आठवण येते.
पान ८: लाल बटण मी दाबू शकतो किंवा आई दाबू शकते. मग मी आईजवळ बसतो.

या गोष्टीचा जीव सहाव्या पानात आहे. तिथला फोटो फक्त तुम्ही, मायदेशातले आजी-आजोबाच, पाठवू शकता: कॉल संपल्यानंतरचा, खुर्चीतून उठलेला, हातात झारी घेतलेला. छान कपडे घालून कॅमेऱ्याकडे पाहून हसणारा फोटो इथे चालणार नाही. आजी पडद्याबाहेरही असते, हे मुलाला डोळ्यांनी दिसायला हवं. ज्या खुर्चीतून तुम्ही बोलता तिचा रिकामा फोटो, खिडकीचा रात्रीचा फोटो, भिंतीवरच्या फोटोचा फोटो, एवढं मिळालं की काम झालं. मागे पसारा नको आणि एका चित्रात एकच गोष्ट असू द्या. मुलाच्या घरातले फोटो आई-बाबांनी गुडघ्यावर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावेत. रडणाऱ्या मुलाचा फोटो मात्र काढू नका. पाचव्या पानावर साधा रेखाटलेला चेहरा पुरतो.

भावना शरीरात कुठे जाणवते, ते लिहा. ‘दुःख झालं’ हे लहान मुलाला मोघम वाटतं. घसा दाटतो, पोटात गोळा येतो, मुठी आवळल्या जातात, कान गरम होतात, हे त्याला लगेच ओळखता येतं. नाव त्यानंतर द्यावं, आणि नुसत्या राग-आनंदावर थांबू नये. रुसवा, हेवा, धास्ती, हिरमुसणं, बावरणं हे शब्द मुलं पटकन उचलतात.

सातव्या पानावर ‘आजी फोटो बघते’ हे वाक्य आधी आहे, त्यालाही कारण आहे. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा नव्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण आपल्याला जे ठाऊक आहे ते त्यालाही ठाऊक असणार, असं ती धरून चालतात. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास हे बदलत जातं. म्हणून तीन वर्षांच्या मुलासाठी दुसऱ्याचं मन डोळ्यांना दिसेल अशा कृतीतून दाखवावं. पाच वर्षांच्या मुलाला ‘तू पळून गेलास तेव्हा आजीला वाटलं, चिनू रागावलाय. पण चिनूला नुसता कंटाळा आला होता’ असा गैरसमजही कळतो. मात्र पुस्तकात तो ‘चिनू पळून गेला तेव्हा’ असा लिहायचा.

‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ हे शब्द गोष्टीतून काढून टाका. ‘आजी रोज फोन करते’ असं छापलं आणि एके दिवशी नेट गेलं, तर मुलाच्या दृष्टीने पुस्तक खोटं ठरतं. मूल ते पुन्हा उघडायचं नाव घेत नाही. ‘बहुधा’, ‘कधीकधी’, ‘काही वेळा उशीर होतो’ असं लिहावं. नव्या शाळेच्या गोष्टीतही ‘बाबा चार वाजता येतात’ असं लिहू नका. ‘झोप झाली, खाऊ झाला, बागेत खेळून झालं की बाबा येतात. कधी थोडा उशीर होतो, तेव्हा टीचर माझ्याजवळ थांबतात’ हे त्याला समजतं आणि ते खरंही राहतं.

बनवायचं सोपं आहे. ए-फोर कागद मधोमध कापला की दोन पानं होतात. अक्षर २४ पॉइंटच्या आसपास ठेवा. कडेला भोकं पाडून सुट्या रिंगांनी बांधा, शिवू नका. मूल फार नेमकं असतं: बॅग बदलली, टीचर बदलल्या की ‘ही माझी बॅग नाही’ म्हणत तिथेच अडून बसतं, आणि मग तेवढं एक पान बदलता यायला हवं. दोन वर्षांच्या मुलाला चार-पाच पानं आणि पानावर एक ओळ पुरते. पाच वर्षांच्याला दहा पानं चालतात. प्रती दोन काढा, एक आजीकडे राहू द्या. कॉलवर ‘पान सहा काढ बरं, आजी काय करतेय?’ असं विचारता आलं, तर ‘शाळा कशी आहे?’च्या पुढे काय बोलायचं हा प्रश्नही सुटतो. पानं आजीच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलीत तर फारच उत्तम. मूल शाळेत दुसरी भाषा बोलत असलं, तरी ही गोष्ट घरच्या भाषेतच लिहा. शाळेसाठी वेगळी प्रत करता येते. एक विनंती: हे पुस्तक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका आणि मुलाचा चेहरा कुठल्याही ॲपवर चढवू नका. आत त्याच्या रडण्याचं वर्णन आहे.

वाचायचं ते मूल शांत असताना, दिवसातून एकदा, आठवडाभर. ऐन रडारडीत पुस्तक काढलं की ते शिक्षेचं पुस्तक होतं. वाचताना ‘कळलं ना?’ विचारू नका. ‘इथे काय झालं?’, ‘मग?’ असं विचारा आणि त्याच्या उत्तरात एखादा शब्द भरा. ते ‘आजी गेली’ म्हणालं, तर ‘हो, फोन बंद झाला आणि आजी झाडांकडे गेली’ म्हणा. पान उलटून पुढे जायचं असेल तर जाऊ द्या.

मारणं, चावणं, हिसकावणं अशा प्रसंगांत मात्र मुलाचं स्वतःचं नाव घालणं आम्हाला पटत नाही. आपलीच चूक छापून रोज वाचली जाते, याची लाज त्याला वाटते. तिथे त्याच वयाचं, दुसऱ्या नावाचं मूल घ्या. धाकट्या भावंडाला तर खलनायक कधीच करू नका. शेवट शिक्षेवर नको. टोरांटो विद्यापीठातल्याच संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. खरं बोलल्याबद्दल वडिलांनी शाबासकी दिली, अशी गोष्ट ऐकल्यावर मात्र जास्त मुलं खरं बोलली. ग्रे यांचाही आग्रह आहे की मुलासाठी लिहिलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी त्याला आधीच चांगलं जमतं त्याबद्दल असाव्यात. अडचण आली की मगच पुस्तक निघालं, तर मूल पुस्तक पाहूनच धास्तावतं.

दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर बहुधा प्रसंग चुकीचा निवडलेला असतो. पुन्हा पाहा, पुन्हा लिहा. पण काही गोष्टी पुस्तकाच्या आवाक्यातल्या नसतात. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत, सुरुवातीचा महिना सोडून, महिनाभराहून जास्त काळ कोणाशी एक शब्दही बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा स्पीच थेरपिस्टशी बोला. नवी भाषा शिकताना मुलं काही काळ गप्प राहतात हे खरं, पण हे गप्प राहणं त्यातलंच आहे की वेगळं, ते त्यांना तपासू द्या.