गोटूला चिपळूण पाहिजे

रविवार, १८ जानेवारी, मिनिआपोलिस

रात्रीचे साडेअकरा. बाहेर उणे २४ अंश, माझ्या कासवाच्या, गोटूच्या पेटीत २८ आणि आर्द्रता ७६ टक्के. गेले अकरा दिवस हे आकडे मी सारखे बघतेय, आज पहिल्यांदा ते बघून पोटातला गोळा जरा सैल झाला.

सात तारखेला सकाळी त्याच्या नाकपुडीतून बुडबुडा आला. एकच, छोटासा, पण मान लांब करून तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता आणि पपई समोर ठेवली तरी बघेना, मग तसंच टॉवेलात गुंडाळलं, खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवली आणि डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसात इन्फेक्शन. इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी विचारलं पेटीत तापमान किती, मी म्हटलं ३४, मोठा दिवा लावलाय. आणि ह्युमिडिटी? ती मी कधी मोजलीच नव्हती. घरी येऊन मीटर ठेवलं तर २१ टक्के. आणि थर्मामीटर वरच्या काचेवरून काढून खाली त्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवला तेव्हा कळलं की तो झोपतो त्या कोपऱ्यात रात्री फक्त १८ अंश असतात. फार रडले त्या रात्री.

माझ्या डोक्यात फक्त थंडी होती. लाल पायांचं कासव मूळचं व्हेनेझुएला, गयाना, ब्राझीलकडचं, शीतनिद्रा घेत नाही, बारा महिने ऊब लागते, एवढं वाचून मी उघड्या काचेच्या टाकीवर १५० वॉटचा दिवा टांगला होता. पण ती ऊबच त्याला वाळवत होती. बाहेर उणे २० असताना एक घनमीटर हवेत जेमतेम १ ग्रॅम वाफ मावते, तीच हवा हीटरने २१ अंशाला आणली की १८ ग्रॅमची जागा होते, मग ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते, आपल्या ओठांतून आणि त्याच्या नाकातून पण. पाठीवरचे खवले टेकडीसारखे वर येतात ते जास्त प्रोटीनमुळे असं मला वाटायचं, पण २००३ मध्ये आफ्रिकेतल्या सल्काटा जातीच्या कासवांच्या पिल्लांवरचा अभ्यास आला, त्यात मुख्य कारण कोरडी हवाच निघालं, प्रोटीनचा वाटा किरकोळ. गोटू अजून वाढतोय, साडेपाच इंचांचाच आहे, म्हणून जीव जास्तच टांगणीला.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर आधी तिने विचारलं, अगो पण कासव पाळणं गुन्हा ना? म्हटलं आपल्याकडचं स्टार कासव कायद्याने पाळता येत नाहीच, आणि ते बरोबरच आहे, पण हे वेगळं, इथे चालतं, रेस्क्यूमधून आणलंय. मग त्याला हवेत ७०-८० टक्के ओल लागते असं सांगितलं तर म्हणाली, म्हणजे किती गं? म्हटलं श्रावणात डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो ना, तेवढं. म्हणाली, मग त्याला चिपळूणच पाहिजे.

तेच करत बसलेय. टाकीवर झाकण टाकलं, हवेपुरती फट ठेवली. मोठा दिवा काढून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावला, उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी यूव्हीबीची ट्यूब वेगळी, ती दिवसाच बारा तास. खाली चार इंच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याच्या दाबलेल्या विटा भिजवल्या तेव्हा घरात ओल्या काथ्याचा वास सुटला आणि मी एक मिनिट तशीच बसून राहिले. पाणी वरून फवारायचं नाही, कोपऱ्यांत ओतायचं, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा जेमतेम दमट, नाहीतर पोटाकडचं कवच कुजतं. आणि ओल वाढवायची तर ऊब अजिबात कमी पडू द्यायची नाही, गार आणि ओलं हे दोन्ही एकत्र आलं की आजार परत येतो. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं राहून राहून वाटतं, म्हणून इथे लिहून ठेवतेय. लपायच्या खोक्यात ओलं शेवाळ, आणि रोज सकाळी कोमट पाण्यात वीस मिनिटं, हनुवटीपर्यंत, त्याच्या वर नाही.

आज पपईचे चार तुकडे खाल्ले. चौथा खाताना नाक कोरडं होतं, मी टॉर्च लावून बघितलं.

आत्ता तो कोकोपीटमध्ये अर्धा पुरून झोपलाय, पाठीचा पिवळा ठिपका तेवढा दिसतोय. पहाटे उणे २८ होणार म्हणतायत. तीनचा अलार्म लावलाय, एकदा कोपऱ्यातला आकडा बघून येईन.