वेन बेट, गोल मनोरा आणि वाचलेल्या तीन रात्री

लँड्सक्रोनाहून सुटलेली बोट अर्ध्या तासात वेनला लागली. धक्क्यावर उतरल्या उतरल्या वाऱ्याने जॅकेटची टोपी मागे उडवली. भाड्याची पिवळी सायकल घेतली आणि चढ संपवून शेतांमधल्या रस्त्याने बेटाच्या मध्याकडे निघालो. हे बेट आज स्वीडनमध्ये आहे. 1576 मध्ये ते डेन्मार्कचं होतं, नाव ह्वेन, आणि राजा दुसऱ्या फ्रेडरिकने ते अख्खं खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याला तहहयात जहागीर म्हणून दिलं होतं. आकाश मोजण्यासाठी जहागीर! शाळेत असताना हे वाचलं तेव्हापासून मला इथे यायचं होतं.

टायको तेव्हा तिशीला टेकला होता. चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 1572 मध्ये, त्याने शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा पाहिला होता. तो चंद्राच्या खूप पलीकडचा आहे हे त्याने मोजून दाखवलं, आणि वरच्या आकाशात काही बदलत नाही, ही ॲरिस्टॉटलपासूनची समजूत डळमळली.

त्याच्या उरानिबोर्ग वाड्याची जागा शोधावी लागत नाही, पण वाडा नाही. मातीचे बांध आहेत, त्या काळासारखी पुन्हा लावलेली बाग आहे, आणि मधोमध वाड्याची रिकामी जागा. तो गेल्यावर लोकांनी विटा काढून नेल्या. मी बांधावर बसून त्या रिकाम्या जागेत भिंत उभी करून पाहत होतो. बरोबर दक्षिणोत्तर बांधलेली ती भिंत, आणि तिच्यावर सुमारे दोन मीटर त्रिज्येचा पितळी चाप, म्हणजे तुरीय यंत्र. समोरच्या भिंतीतल्या झरोक्यातून तारा मध्यान्हरेषेवर, म्हणजे आकाशातल्या दक्षिणोत्तर रेषेवर, आला की एकाने चापावरचं माप वाचायचं, दुसऱ्याने घड्याळ सांगायचं, तिसऱ्याने लिहून घ्यायचं. दुर्बीण अजून आलेली नव्हती. तरीही त्याच्या चांगल्या मापांमधली चूक एक-दोन कलांची असे; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण तीस कला जागा व्यापतो, त्यावरून काय ते कळावं.

रस्त्यापलीकडे स्ट्येर्नेबोर्ग आहे, जमिनीत उतरलेली वेधशाळा. वाड्याच्या सज्जांवर वाऱ्याने यंत्रं थरथरत, म्हणून टायकोने 1584 च्या सुमारास मोठी यंत्रं खड्ड्यांत बसवली. आदल्या दिवशी वाचलेलं हे वाक्य मला त्या दुपारी अंगावर कळलं, कारण सायकल एका जागी उभी राहत नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हे सगळं उभं राहिलं ते बेटावरच्या शेतकऱ्यांच्या वेठीवर, आठवड्याला दोन दिवस. कागदाच्या गिरणीसाठी तळी आणि बंधारे झाले, तेही इथेच. ज्यांनी ती माती उचलली त्यांची नावं मला बेटावरच्या संग्रहालयात शोधावीशी वाटली.

पुढचा राजा चौथा ख्रिश्चन याच्याशी बिनसल्यावर 1597 मध्ये टायको बेट सोडून गेला, पुढे प्राग, आणि 1601 मध्ये मृत्यू. आकडे त्याचा प्रागमधला सहाय्यक केप्लर याच्या हाती आले. मंगळाच्या जुन्या गणितात आणि टायकोच्या मापात आठ कलांचा फरक पडत होता. टायको आठ कला चुकणार नाही, एवढ्या एका विश्वासावर केप्लरने ग्रहांच्या कक्षांसाठी वर्तुळं सोडली आणि लंबवर्तुळापर्यंत गेला.

पण मला बेटावर सर्वांत जास्त ओढ होती ती 1671 सालाची. पॅरिसहून खगोलशास्त्रज्ञ झाँ पिकार आला, उरानिबोर्ग आणि पॅरिसच्या रेखांशांतला फरक काढायला, म्हणजे टायकोचे आकडे तिकडे नीट वापरता येतील. रीत अशी की गुरू ग्रहाच्या ‘आयो’ या चंद्राची ग्रहणं दोन्ही ठिकाणी पाहायची आणि स्थानिक वेळांची वजाबाकी करायची. मदतीला सत्ताविशीतला ओले रोमर होता, जो आपले गुरू बार्थोलिन यांच्या हाताखाली टायकोची हस्तलिखितं छपाईसाठी तयार करत होता. पिकार त्याला पॅरिसला घेऊन गेला. तिथे आयोची ग्रहणं वर्षानुवर्षं तपासताना रोमरला दिसलं की पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ती उशिरा दिसतात. 9 नोव्हेंबर 1676 ची घटना दहा मिनिटं उशिरा होईल हे त्याने आधीच सांगितलं, आणि तसंच झालं. प्रकाशाला यायला वेळ लागतो!

दुसऱ्या दिवशी कोपनहेगनच्या गोल मनोऱ्यावर गेलो. त्याच चौथ्या ख्रिश्चनने वेधशाळेसाठी 1637 ते 1642 मध्ये बांधलेला. आत जवळजवळ वरपर्यंत पायऱ्या नाहीत, साडेसात वळसे घेणारी विटांची रुंद चढण आहे. भिंती पांढऱ्या, पाय आपोआप लयीत पडतात. अर्ध्या वाटेत विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाचं दालन लागतं. 1728 च्या ऑक्टोबरमध्ये शहर जळलं तेव्हा ते ग्रंथालय गेलं आणि टायकोचा तारे कोरलेला मोठा पितळी गोलही गेला. पॅरिसहून कोपनहेगनला परतलेला रोमर त्याआधीच, 1710 मध्ये वारला होता. त्याची आयुष्यभराची निरीक्षणं जवळपास सगळी त्याच आगीत गेली.

वाचल्या फक्त 1706 च्या ऑक्टोबरमधल्या तीन रात्री. शिष्य पेडर होरेबोने त्या छापल्या. त्या तीन रात्रींच्या नोंदींत ताऱ्यांच्या जागा इतक्या नेमक्या होत्या की पुढच्या पिढ्यांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी, ताऱ्यांची चाल तपासताना, त्या पुन्हा पुन्हा उघडल्या.