कपाळाखालची भेग

डोंगरउतारांची पाहणी हे भूगर्भतज्ज्ञ म्हणून माझे नेहमीचे काम असले, तरी पन्हाळ्याच्या बाजूला एका रस्त्यासाठी तासलेल्या दरडीपाशी पोचलो त्या सकाळी पायथ्याशी गुलाल पडलेला होता, नारळाच्या करवंट्या होत्या आणि सातआठ माणसे मान वर करून उभी होती. मला वर नुसता काळा बेसॉल्ट दिसत होता. “सायेब, हिकडं सरका, ऊन कलतं हाय तवर बघा,” असे म्हणत एका वयस्क मामांनी मला दोन पावले डावीकडे ओढले, आणि चेहरा दिसला.

डोळ्यांच्या जागी खोबणी होत्या. कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जाणारा खडक गोलाकार निखळून त्या तयार झाल्या होत्या. लाव्हा थिजताना पडलेल्या दोन उभ्या सांध्यांमधला भाग म्हणजे नाक आणि दोन लाव्हाथरांमधला मऊ, लालसर पट्टा झिजून झालेले तोंड. पुढे आलेले कपाळ मात्र तिन्ही बाजूंनी भेगांनी सुटलेला ठोकळा होता, आणि लोक नेमके त्याच्याच खाली नारळ फोडत होते.

साडेअकराला ऊन डोक्यावर आले, सावल्या आखडल्या आणि चेहरा पार विरून गेला. 1976 साली व्हायकिंग-1 यानाने मंगळावर टिपलेला प्रसिद्ध चेहराही कलत्या उन्हाचीच करामत होती, हे मी वर्गात कैकदा सांगितले आहे; येथे ते सांगावेसे वाटले नाही.

ठोकळा पावसाआधी उतरवावा लागेल, हे मात्र सांगितले. “सळया घालून धरता येत न्हाई व्हय?” एका तरुणाने विचारले. प्रश्न रास्त होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधला असाच दगडी ‘म्हातारा’ लोकांनी सिमेंट आणि सळयांनी वर्षानुवर्षे सांभाळला होता, तरी 3 मे 2003 रोजी तो कोसळलाच; आणि त्याच्याखाली वाहता रस्ता नव्हता.

“कपाळ गेल्यावर मग ऱ्हायलं काय?” मामा म्हणाले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. करवंट्या मात्र त्यांनी स्वतःच उचलून रस्त्यापलीकडे नेल्या.

संध्याकाळी अहवाल लिहायला टिपणवही उघडली, तर भेगांना क्रमांक द्यायचे सोडून मी ‘डावी भुवई’, ‘नाकाची कड’, ‘कपाळ’ असेच लिहीत गेलो होतो.