हळदीच्या लेबलासाठी हस्ताक्षराचा फॉन्ट : माझा अनुभव

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती पिकवणाऱ्या आमच्या बचत गटाच्या पाकिटाचं लेबल करायचं काम माझ्याकडे आलं. गटातल्या काकूंना ठोकळेबाज छापील अक्षर नको होतं. डब्यावर चिठ्ठी चिकटवावी तसं नाजूक, हाताने लिहिलेलं हवं होतं. मलाही ते मनापासून पटलं, कारण ही हळद खरंच हातांनी वेचलेली, उकडलेली, वाळवलेली असते.

नाजूक हस्ताक्षराचे फॉन्ट इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण बहुतेक रोमन लिपीचे. त्यांत मराठी टाइप केलं की संगणक आपणहून दुसराच फॉन्ट लावतो. शिवाय फुकट उतरवलेले कित्येक फॉन्ट फक्त खाजगी वापरापुरते असतात. विकायच्या पाकिटावर ते चालत नाहीत.

देवनागरी फॉन्ट पारखायला मी ‘शेतकऱ्यांची’ हा एकच शब्द लिहून बघायची. त्यात श आहे, ऱ्य आहे, कान्यावर अनुस्वार आहे, दीर्घ वेलांटी आहे. ऱ्यमधला तो अर्धा र काही फॉन्टांत धड उमटतच नाही. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी, आणि आपल्या पाकिटावर ती आपलीच हवीत, यावर मी अडून बसले.

शेवटी इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा ‘कलम’ हा फॉन्ट घेतला. ओपन फॉन्ट लायसन्समुळे तो धंद्यासाठीही मोफत आहे. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी त्याची तीन वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार आहेत. लाइट सगळ्यात देखणा, पण खाकी पाकिटावरचा नमुना पाहून एक काकू म्हणाल्या, “हे तं दिसूनच नाही राह्यलं, बाई.” त्यांचं बरोबर होतं. खाकी कागद शाई पितो. त्यात तपकिरी रंग चार शाया मिसळून काढलेला. एखादी शाई केसभर सरकली तरी बारीक रेघेला सावली पडते. मग आम्ही रेग्युलर घेतला, अक्षर मोठं केलं आणि एकाच गडद शाईत छापलं. गडद पट्ट्यावर पांढरी अक्षरं मी मुद्दाम टाळली, कारण शाई पसरून बारीक रेघा बुजतात.

हस्ताक्षर फक्त हळदीच्या नावाला ठेवलं. वजन, किंमत, तारीख, परवाना क्रमांक हे सगळं ‘मुक्त’ या साध्या छापील वळणाच्या फॉन्टमध्ये. ते कोणालाही चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करावी लागतात, म्हणजे त्यांचं नुसत्या आकारांत रूपांतर करावं लागतं; मग तिकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून त्याआधी गटातल्या दोघींकडून मजकूर मोठ्याने वाचून घेतला. आता प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी फ्लेक्स करतेय. रस्त्यावरून नाव वाचता यायला हवं, म्हणून तिथे बोल्ड वापरणार आहे.